तारली, बांगडा आणि समुद्राचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या, की आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मासळी बाजारात एक प्रश्न ऐकू येतो : यंदा तारली गेली कुठे? किंवा, यंदा एवढी आली कुठून? मग पर्ससीन (मासळीचा थवा घेरून पकडणारं मोठं जाळं), एलईडी दिवे, परराज्यातले ट्रॉलर यांच्यावर बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण त्या तारलीचा निम्मा निकाल ती भाताच्या दाण्याहून लहान होती तेव्हाच लागलेला असतो. तो वारा, पाण्याचा प्रवाह आणि पाण्याचं तापमान यांनी लावलेला असतो. या विषयावर मच्छीमार, विद्यार्थी आणि मासे खाणारे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सगळे मासे सोडून तारलीच का?

कारण समुद्र बदलला की तारली सगळ्यात आधी सांगते. ती वर्षभरात वयात येते आणि दोन-अडीच वर्षं जगते. सुरमईसारखे वेगवेगळ्या वयांचे मासे एकाच वेळी पाण्यात, असा साठा तिच्याकडे नसतो. एक पावसाळा वाया गेला की पुढच्या हंगामात जाळं रिकामं. पेडवे हे तिचेच नातलग, त्यांचंही थोड्याफार फरकाने असंच.

ती पावसाळ्यातच अंडी का घालते?

जून ते ऑगस्ट हा तिचा मुख्य काळ. या दिवसांत केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत समुद्र वर्षातला सर्वात सुपीक होतो. पावसाळा सरता सरता पाण्यात डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचं दाट पीक येतं. ते खाऊन कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणी वाढतात आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं हे तारलीच्या पिल्लाचं पहिलं अन्न. थोडी मोठी झाली की तारली थेट डायाटमच खाते आणि तिच्या अंगावर चरबी चढते. थोडक्यात, आई पेरणी पावसाच्या तोंडावर करते, म्हणजे पिल्लू खाण्याजोगं होईपर्यंत शेत तयार असतं. शेतकऱ्यासारखाच तिचाही हिशेब पावसाच्या तारखेवर आहे, आणि तारीख चुकली की तिचीही पेरणी वाया जाते.

अंडं फुटल्यावर नेमकं काय होतं?

तारलीचं अंडं पारदर्शक, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं. ते वरच्या थरात तरंगतं आणि साधारण २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका दिवसात फुटतं. बाहेर येतो तो अजून मासा नसतो. त्याला तोंड उघडलेलं नसतं, डोळ्यांत रंग नसतो, पोटाखाली फक्त बलकाची पिशवी असते. या अवस्थेला डिंभ म्हणतात. दोन-तीन दिवस तो त्या शिदोरीवर काढतो. मग तोंड उघडतं आणि शिदोरी संपते. इथून पुढच्या काही दिवसांत योग्य आकाराचं अन्न तोंडासमोर आलं नाही तर तो मरतो. तो अन्नाच्या मागे जाऊ शकत नाही, कारण तो मोजून काही मिलिमीटरचा असतो आणि पाणी नेईल तिकडे जातो.

या थोड्या दिवसांचं महत्त्व पहिल्यांदा ठासून सांगितलं नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी, १९१४ साली. तोवर समजूत अशी होती की मासा कमी मिळाला म्हणजे तो दुसरीकडे गेला. योर्ट यांनी हेरिंग माशाच्या खवल्यांवरची वर्तुळं मोजून वयं काढली, तेव्हा दिसलं की १९०४ मध्ये जन्मलेली एकच पिढी पुढे कितीतरी वर्षं जाळी भरत होती. आगेमागे जन्मलेल्या पिढ्या तिच्यासमोर नगण्य होत्या. अंडी तर दरवर्षीच घातली जात होती. मग फरक पडला कुठे? बाळपणाच्या अगदी सुरुवातीला, असं त्यांनी मांडलं. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. उपासमारीइतकीच पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात, आणि नंतरच्या महिन्यांतही बरंच काही ठरतं, हे आता माहीत आहे. पण मुख्य गोष्ट टिकून आहे. एक मादी हजारो अंडी घालते आणि त्यातली मोजकीच मोठी होतात. मरण्याच्या प्रमाणात किंचित फरक पडला तरी बाजारातली टोपली भरते किंवा रिकामी राहते.

पाणी गरम झालं तर अंडी लवकर फुटतील. ते चांगलंच ना?

अर्धं खरं. ऊब मिळाली की वाढ झपाट्याने होते, आणि लवकर मोठं झालेलं पिल्लू शिकाऱ्यांच्या तोंडातून लवकर सुटतं. थंड समुद्रातल्या कॉड माशाचं अंडं फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, आपल्या तारलीला एक दिवस.

पण त्याच उबेने बलकही लवकर संपतो. पिल्लाला रोज जास्त खायला लागतं आणि उपाशी तग धरण्याचे दिवस कमी होतात. अन्न मुबलक असेल तर गरम पाणी वरदान ठरतं, नसेल तर तेच पाणी त्याला लवकर मारतं. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अंड्यातल्या गर्भाला कल्ले नसतात, त्याला ऑक्सिजन कवचातून झिरपूनच मिळतो. २०२० मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी जवळपास ७०० जातींची माहिती एकत्र केली. त्यातून दिसलं की गर्भ आणि अंडी घालायच्या बेतात असलेले मासे यांना तापमानाचा जेवढा फरक सोसतो, तो इतर प्रौढ माशांपेक्षा बराच कमी असतो. म्हणजे बाजारात धडधाकट बांगडा दिसतो म्हणून त्याच्या अंड्यांनाही ते पाणी मानवलं, असं धरून चालू नये.

भर पावसाळ्यात समुद्राचं पाणी थंड कसं होतं? पाऊस पडतो म्हणून?

नाही, पावसामुळे नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत वाऱ्याचा एक भाग उत्तरेकडून दक्षिणेकडे, किनाऱ्याला धरून वाहतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात पश्चिमेला जातो, म्हणजे खोल समुद्राकडे. वरचं पाणी असं किनाऱ्यापासून लांब गेलं की त्याची जागा भरायला खालचं पाणी वर येतं. शास्त्रज्ञ याला अपवेलिंग म्हणतात. खालचं पाणी थंड असतं आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट यांची खाण असते. उजेडात आल्यावर त्यावरच डायाटमचं पीक उभं राहतं.

एवढ्या वाऱ्याने सगळा हिशेब जुळत नाही. बंगालच्या उपसागरातून निघालेल्या, दिसत नाहीत पण पाण्याच्या आतले थर वर-खाली करतात अशा लांबलचक लाटा श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने उत्तरेकडे येतात आणि थंड थर वर उचलायला हातभार लावतात. म्हणजे मालवणातल्या तारलीचं पोट काही अंशी पूर्व किनाऱ्यापलीकडच्या वाऱ्यावर अवलंबून आहे. मला हे जेव्हा पहिल्यांदा समजलं तेव्हा समुद्राच्या नकाशाकडे बघण्याची नजरच बदलली.

हे पाणी आधी दक्षिण टोकाला वर येतं आणि मग हळूहळू उत्तरेकडे पसरतं. केरळसमोर जोर सर्वात जास्त : एप्रिल-मेमधलं ३० अंशांच्या आसपासचं पाणी ऑगस्टपर्यंत २६ च्या आसपास उतरतं. गोव्यापर्यंत परिणाम स्पष्ट दिसतो, रत्नागिरीच्या पुढे तो विरत जातो.

मग वारा जितका जास्त तितकी तारली जास्त?

नाही. वारा फार मंद असेल तर खत वर येत नाही. फार जोराचा असेल तर दोन गोष्टी बिघडतात : पिल्लं पाण्याबरोबर खोल समुद्रात ओढली जातात, आणि अन्नाचा दाट थर ढवळून पातळ होतो.

दुसरी गोष्ट अमेरिकेतले शास्त्रज्ञ रूबेन लास्कर यांनी १९७० च्या दशकात फार सुंदर दाखवली. प्रयोगशाळेत जन्मलेली अँकोव्ही या तारलीसारख्या लहान माशाची पिल्लं त्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बोटीतून नेली आणि वेगवेगळ्या खोलीवरून काढलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडली. ज्या थरात सूक्ष्म वनस्पती दाटलेल्या होत्या, त्या पाण्यात पिल्लांनी पोटभर खाल्लं. मग वादळ झालं, थर विस्कटला. समुद्रात अन्न तेवढंच होतं, पण विखुरलेलं, आणि पिल्लांना ते पकडता येईना. भांडंभर भात अंगणभर उधळला तर रांगत्या मुलाचं पोट कसं भरणार?

१९८९ मध्ये क्युरी आणि रॉय या दोन शास्त्रज्ञांनी जगभरच्या अपवेलिंग होणाऱ्या किनाऱ्यांची आकडेवारी तपासली. नवी पिढी सर्वात चांगली निपजत होती ती सेकंदाला ५ ते ६ मीटर वाऱ्याला, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आसपास. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे घट. आपल्या मान्सूनला हा आकडा जसाच्या तसा लावू नये, पण मधला, बेताचा वारा हवा ही गोष्ट सगळीकडे खरी आहे.

प्रवाह पिल्लांना कुठे घेऊन जातो?

पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे. सेकंदाला वीतभर एवढाच वेग धरला तरी दिवसाला १७-१८ किलोमीटर होतात. मालवणसमोर घातलेली अंडी-पिल्लं दहा दिवसांत कारवारच्याही पुढे जाऊ शकतात. म्हणूनच 'आमची तारली' आणि 'त्यांची तारली' हा वाद समुद्रात टिकत नाही.

किनाऱ्याला समांतर जाणं तसं धोक्याचं नाही, कारण खाणंपिणं सोबतच असतं. धोका आहे तो किनारा सोडून बाहेर फेकलं जाण्याचा. बाहेरचं निळं, नितळ पाणी दिसायला सुंदर असतं, पण पिल्लाच्या दृष्टीने ते माळरान आहे. त्यातून वाचायला दोन गोष्टी मदत करतात. एक, पाण्यातले मोठे भोवरे, ज्यांत पिल्लं आणि अन्न दोन्ही अडकून राहतात. दुसरी पिल्लांची स्वतःची करामत : थोडी वाढली की ती दिवसा खाली आणि रात्री वर अशी ये-जा करतात. वरचं पाणी बाहेर जात असतं, खालचं किनाऱ्याकडे येत असतं, त्यामुळे नुसतं वर-खाली करून ती जागेवर टिकतात.

याउलट काही माशांचा सगळा संसारच लांबच्या प्रवासावर उभा आहे. नॉर्वेत लोफोटेन बेटांजवळ जन्मलेली कॉडची पिल्लं किनारी प्रवाहाबरोबर थेट बॅरेंट्स समुद्रात जाऊन वाढतात. जपानी ईल तर मारियाना बेटांच्या बाजूला अंडी घालते. तिची पिल्लं आधी पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहावर आणि मग कुरोशिओ प्रवाहावर स्वार होऊन पूर्व आशियाच्या नद्यांपर्यंत पोचतात.

गोव्यासमोर 'श्वास कोंडलेलं' पाणी येतं म्हणतात, ते काय?

वर येणाऱ्या थंड पाण्यात खत भरपूर, पण ऑक्सिजन कमी, कारण अरबी समुद्राच्या मधल्या थरांतच तो जगातल्या बऱ्याच समुद्रांपेक्षा कमी आहे. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं बसतं. खाली कुजणारं सेंद्रिय द्रव्य उरलासुरला ऑक्सिजन खातं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तळाजवळ तो जवळजवळ संपतो आणि काही वेळा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोर वर्षानुवर्षं नमुने घेऊन याची नोंद ठेवत आले आहेत.

तारलीची अंडी वर तरंगतात, त्यामुळे ती थोडी सुरक्षित. तळालगतच्या कोळंबीला आणि माशांना मात्र जागा सोडावी लागते. तरंगणाऱ्या पिल्लांनाही वरच्या पातळ थरात दाटीवाटीने राहावं लागतं आणि दिवसा खाली जाऊन लपण्याची सोय उरत नाही.

२०१२ नंतर तारली कोसळली ती समुद्रामुळे की मासेमारीमुळे?

दोन्हींमुळे. आकडे आधी : केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांहूनही कमी. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार हा १९९४ नंतरचा नीचांक होता.

मधल्या काळात २०१५-१६ चा जोरदार एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना) येऊन गेला, पाणी तापलं, मान्सूनची घडी विस्कटली. एल निनो काय करू शकतो याचं सर्वात मोठं उदाहरण पेरूचं आहे : तिथली अँकोव्ही १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांहून जास्त मिळाली होती, १९७२ च्या एल निनोनंतर १९७३ मध्ये ती २० लाख टनांच्या आसपास आली. तिथेही आणि इथेही, समुद्र प्रतिकूल झाला तेव्हा बोटी आधीच प्रमाणाबाहेर होत्या. केरळात तर बोटाएवढी तारली टनावारी फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या, कारखान्यांकडे जात होती. समुद्राने पिल्लं कमी दिली आणि जी दिली ती आपण वाढू दिली नाहीत.

माझं मत विचाराल तर 'हे सगळं हवामानामुळे' आणि 'हे सगळं पर्ससीनमुळे' ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. चांगलं वर्ष कधी येईल हे आपल्या हातात नाही. ते येईल तेव्हा अंडी घालायला पुरेशा माद्या पाण्यात असणं आपल्या हातात आहे. तारलीने याची साक्षही दिली : २०२२ मध्ये केरळचा आकडा पुन्हा लाख टनांच्या आसपास गेला.

भरपूर पिल्लं जगली की सगळं ठीक, असं म्हणता येईल?

तेही नाही. २०२४ च्या चांगल्या पावसानंतर केरळच्या किनाऱ्यावर तारलीची पिल्लं इतकी जगली की अन्न पुरेना, आणि मासे लहान व रोडच राहिले. कोचीच्या शास्त्रज्ञांनी दिलेलं कारण हेच : गर्दी आणि त्यातून खाण्यासाठी स्पर्धा.

तारली आणि बांगडा आता उत्तरेकडे सरकत आहेत म्हणे. मग आपला फायदाच?

काही वर्षं फायदा दिसेल. पूर्वी तारली मुख्यतः केरळ-कर्नाटकची. गेल्या काही दशकांत ती महाराष्ट्र-गुजरातकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही ठळकपणे मिळू लागली. बांगडा खोलातही उतरला : १९८५-८९ मध्ये तळाच्या ट्रॉल जाळ्यांत एकूण बांगड्यांपैकी सुमारे २ टक्के येत, २००३-०७ पर्यंत ते प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेलं. वरचं पाणी तापलं की मासा खालचा गारवा शोधतो.

राणी माशाने जागा बदलण्याऐवजी वेळ बदलली. चेन्नईच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून पुढच्या दोन दशकांत त्याचं अंडी घालणं उन्हाळी महिन्यांतून ऑक्टोबर-मार्चच्या थंड महिन्यांकडे सरकत गेलं.

पण मासा सरकला म्हणून त्याच्या पिल्लांचं अन्न त्याच जागी, त्याच आठवड्यात तयार असेलच असं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला, आणि तिथल्या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्या. वरचं पाणी जितकं गरम तितकं ते हलकं, आणि खालचं खत वर यायला तितकाच अडथळा.

बोंबील आणि पापलेटला हेच नियम लागू आहेत का?

तत्त्व तेच, समुद्र वेगळा. मुंबई-पालघरसमोर समुद्राचा उथळ तळ ३०० किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे, कोचीसमोर तो ६०-७० किलोमीटरच. इथे पावसाळी अपवेलिंगचा जोर नाही. इथलं पाणी ढवळतात त्या उधाणाच्या प्रचंड भरत्या, आणि हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा वरचं पाणी थंड करून खाली बसवतो तेव्हा खत वर येतं. खाड्या आणि कांदळवनं हे कित्येक माशांच्या पिल्लांचं पाळणाघर. म्हणून कांदळवन तोडून केलेल्या भरावाचा हिशेब मासळीच्या आकड्यांतही धरला पाहिजे. पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा ठरवलं खरं, पण त्याची पिल्लं डोल जाळ्यांत सापडतात ती सापडतातच.

एवढ्या बारीक पिल्लांबद्दल हे कळतं कसं?

बारीक विणीच्या जाळ्या ठरावीक ठिकाणी ओढून अंडी-पिल्लं मोजतात. प्रवाहाच्या संगणकी नकाशात काल्पनिक अंडी सोडून ती कुठे जातात ते बघतात. आणि तिसरी पद्धत घरच्या ताटात आहे. ढोमी खाताना डोक्यातून पांढरा खडा निघतो ना, तो माशाच्या कानातला दगड. लहान पिल्लाच्या अशा दगडात दर दिवसाला एक वर्तुळ चढतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजली की पिल्लू कोणत्या तारखेला जन्मलं आणि कोणत्या आठवड्यात त्याची आबाळ झाली, तेही कळतं.

इन्कॉइसचा मासेमारीचा सल्ला पिल्लांबद्दल सांगतो का?

नाही. इन्कॉइस ही हैदराबादची सरकारी समुद्रमाहिती संस्था. तिचा सल्ला उपग्रहाने मोजलेलं तापमान आणि हरितद्रव्य बघून आज मासा कुठे जमला असावा एवढंच सांगतो.

६१ दिवसांची बंदी पुरेशी आहे का?

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तारलीचे मुख्य दिवस तिच्यात बऱ्यापैकी येतात, आणि वादळी समुद्रात माणसांचे जीवही वाचतात. पण बांगडा एप्रिलच्या सुमारापासून सप्टेंबरपर्यंत हप्त्याहप्त्याने अंडी घालतो. शिवाय पाऊस लांबला तर अंडी घालणंही लांबतं, तारखा मात्र कागदावर त्याच राहतात. जून-जुलैत जन्मलेलं पिल्लू ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाळ्यात अडकण्याएवढं होतं, विकण्याएवढं नाही. बंदीने आईला वाचवलं आणि बंदी उठताच बाळ पकडलं, तर काय मिळवलं? म्हणून किमान आकाराचा नियम मला बंदीइतकाच मोलाचा वाटतो. केरळात तारलीला १० सेंटिमीटर आणि बांगड्याला १४ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असे आकार ठरवले. आता ते बंदरावर मोजले जायला हवेत.

मग गाबोळी खाऊ नये का?

गाबोळी खाल्ल्याने समुद्र रिकामा होत नाही. मासा पकडला गेला तेव्हाच ती अंडी समुद्रातून गेली. ग्राहक म्हणून जास्त फरक पडतो तो आकाराने. बाजारात बोटभर तारलीचा किंवा तळहातात मावणाऱ्या बांगड्याचा वाटा स्वस्त मिळत असेल तर तो घेऊ नका, आणि का घेत नाही ते मासे विकणाऱ्या मावशींना सांगा. त्या ते लिलावात बोटवाल्यापर्यंत पोचवतात. दुसऱ्या दिवशी कुठला माल उचलायचा, हे त्याच ठरवत असतात.